मावळतीचा मृग

ज्या दिवसांत मृगाचं नाव घरोघर घेतलं जातं, त्या दिवसांत मृग आकाशात दिसत नाही. ७ किंवा ८ जूनला सूर्य मृग नक्षत्रात शिरतो, ‘मृग लागला’ म्हणून माणसं ढगांकडे बघू लागतात, ओल्या मातीत मृगाचे लाल किडे फिरू लागतात. मुंबईत खारदांड्याला १ जूनपासून मासेमारी बंद झालेली असते आणि होड्या वर ओढून झाकलेल्या असतात. हे सगळं ज्याच्या नावाने चालतं ते नक्षत्र तेव्हा भर दुपारी सूर्याच्या शेजारी असतं. आभाळ निरभ्र असलं तरी ते दिसणार नाही. पंचांगातला मृग पावसाचा, डोळ्यांनी पाहायचा मृग थंडीचा आणि उन्हाळ्याच्या सुरुवातीचा. डिसेंबरात तो संध्याकाळनंतर पूर्वेला वर येतो, जानेवारीत रात्री दहाच्या सुमारास जवळजवळ डोक्यावर असतो आणि एप्रिलमध्ये, अंधार पडता पडता, पश्चिमेला उतरू लागतो. इथे वाचायचा आहे तो हा शेवटचा, मावळतीचा मृग, कारण खारदांड्याचा किनारा पश्चिमेकडे तोंड करून बसला आहे.

आकाशनिरीक्षण सुरू करावंसं वाटलं की बहुतेक जण पहिला प्रश्न विचारतात तो ‘दुर्बीण कोणती घेऊ?’ हा. ‘सध्या कोणतीच नको’ हे उत्तर कुणाला आवडत नाही, तरी तेच खरं आहे. दुर्बीण एका वेळी आकाशाचा चंद्राएवढा तुकडा दाखवते, आणि तो तुकडा कुठे आहे हे ज्याला ठाऊक नाही त्याला ती काहीच दाखवत नाही. आधी एक नक्षत्र नीट वाचावं. कविता जशी पुन्हा पुन्हा वाचतात, कुठला शब्द कुठे आणि का बसला आहे हे बघत, तसं. त्यासाठी मृगाइतकी भरगच्च रचना दुसरी नाही.

‘पण मुंबईतून काय दिसणार?’ हा दुसरा प्रश्न. दांड्याच्या धक्क्याकडून बघताना पाठीशी शहराचे दिवे असतात, डावीकडे कार्टर रोडचा झगमगाट, उत्तरेकडे जुहूवरून समुद्रावर निघालेली विमानं. त्यांचे दिवे नवख्याला हमखास शुक्रासारखे वाटतात, जरा थांबलं की सरकू लागतात. समोर मात्र पाणी असतं, आणि पाण्यावर रस्ते नसतात, त्यामुळे पश्चिमेचा तेवढा पट्टा त्यातल्या त्यात काळा. तिसऱ्या प्रतीहून मंद तारे या आकाशातून गाळले गेलेले असतात. गावाकडचं आकाश आठवणाऱ्याला याचं वाईट वाटतं, शिकणाऱ्याने वाटून घेऊ नये. हजारो ताऱ्यांच्या गर्दीत आकृती सापडत नाही, इथे उरतात तेवढ्या ताऱ्यांत ती लपूच शकत नाही. मृगाचे चार कोपरे आणि मधले तीन, असे सातही तारे पहिल्या-दुसऱ्या प्रतीचे आहेत. शहराने कितीही कात्री चालवली तरी ते शिल्लक राहतात. दांड्याचं आकाश ही संक्षिप्त आवृत्ती आहे, आणि पहिल्या वाचनाला तीच बरी.

एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात रात्री आठच्या सुमारास पश्चिमेला तोंड करून उभं राहिलं, की क्षितिजापासून हात लांब करून तीनेक मुठी वर, एका तिरक्या रेघेत बसलेले तीन सारखे तारे दिसतात. खेड्यापाड्यांत याला तिकांडं म्हणतात. हा बाण. त्याची रेघ डावीकडे वर वाढवली की आकाशातला सर्वांत तेजस्वी तारा, व्याध. उजवीकडे खाली वाढवली की तांबूस रोहिणी, आणि तिच्याही खाली, उजेडात जेमतेम टिकलेला कृत्तिकांचा पुंजका.

ग्रीकांनी याच ताऱ्यांत एक शिकारी पाहिला, आणि हे तीन तारे त्याचा कमरपट्टा झाले. त्यांच्याकडे एक माणूस आहे. आपल्याकडे एक प्रसंग आहे. शिकारी आकृतीच्या आत नाही, बाहेर दूर उभा आहे. चार कोपऱ्यांचे तारे हे हरणाचे पाय, मधला बाण त्याच्या अंगात रुतलेला, आणि हरीण ज्या दिशेने धावत होतं तिथे रोहिणी. ऐतरेय ब्राह्मणात ही गोष्ट आहे: प्रजापती मृगाचं रूप घेऊन आपल्याच मुलीच्या, रोहिणीच्या मागे लागतो, आणि देव त्याला शासन करायला धनुर्धर उभा करतात. मुलांच्या पुस्तकांत ही गोष्ट धुऊनपुसून साधी हरणाची शिकार होते. आई-वडिलांची अडचण कळते, पण तसं केलं की रोहिणीला प्रसंगात कामच उरत नाही आणि बाणाची रेघ तिच्याकडे का जाते याला उत्तर राहत नाही. मूळ गोष्ट ओंगळ आहे, म्हणूनच ती आकाशावर घट्ट बसते.

आणि बसते ती केवढ्या नेमकेपणाने! मधल्या ताऱ्यापासून व्याध आणि रोहिणी, दोन्ही जवळजवळ सारख्याच अंतरावर आहेत, सुमारे २३ अंश. हात लांब करून मिटलेली मूठ धरली तर ती १० अंशांची भरते, म्हणजे दोन्हीकडे सव्वादोन मुठी. पळणारा आणि जिच्यामागे तो पळतो ती यांच्यात जेवढं अंतर, तेवढंच मारणारा आणि पळणारा यांच्यात. ही मोजणी कुणीही करू शकतो, आणि पहिल्या संध्याकाळी करावीच. एकदा मूठ आकाशावर धरायची सवय लागली की नकाशावरची अंतरं खरी वाटू लागतात.

मावळतानाही प्रसंगाचा क्रम मोडत नाही. आधी कृत्तिका जातात, मग रोहिणी, मागून मृग, आणि सगळ्यांत शेवटी व्याध. मृग पुढे निसटला तरी व्याधाने पाठलाग सोडलेला नाही. कवींना आवडणारी एक गोष्ट मात्र इथे घडत नाही: तारा समुद्रात बुडत नाही. क्षितिजालगत पाण्यावर खारट धुकट साचलेलं असतं आणि तारे पाण्याच्या बऱ्याच वर असतानाच विझल्यासारखे होतात. व्याध तेवढा लाल, हिरवा, निळा चमचमत खाली येतो. ते रंग त्याचे नाहीत, आपल्या हवेच्या जाड थराचे आहेत. क्षितिजाजवळ जो उजेड ठाम आणि पिवळा राहतो तो बहुधा मासेमारीच्या बोटीचा.

या मावळतीत आणखी एक गोष्ट आहे, आणि माझ्या मते या सगळ्या रचनेतली ती सर्वांत मोठी. बाणाचे तारे जवळजवळ नेमके खगोलीय विषुववृत्तावर आहेत, त्यामुळे ते नेमके पूर्वेला उगवतात आणि नेमके पश्चिमेला मावळतात. दांड्याला उभं राहून तिकांडं जिथे दिसेनासं होईल तिकडे बोट केलं तर ते पश्चिमेकडे असतं. कृत्तिका तशा नाहीत. त्या पश्चिमेच्या बऱ्याच उत्तरेला, अडीचेक मुठी उजवीकडे मावळतात, आणि उगवतातही तशाच पूर्वेच्या उत्तरेला. आता शतपथ ब्राह्मणात म्हटलं आहे की कृत्तिका पूर्व दिशेपासून ढळत नाहीत. शंकर बाळकृष्ण दीक्षितांनी, मुरूडसारख्या कोकणातल्या गावात जन्मलेल्या या शिक्षकाने, ते वाक्य वाचलं आणि त्यावर गणित मांडलं: कृत्तिका नेमक्या पूर्वेला उगवत होत्या त्या काळी हे लिहिलं गेलं असेल, तर तो काळ इसवी सनापूर्वी सुमारे ३००० वर्षांचा. पृथ्वीचा अक्ष भोवऱ्यासारखा सुमारे २६,००० वर्षांत एक फेरी घेतो, त्यामुळे विषुववृत्त ताऱ्यांमधून हळूहळू सरकतं. तेव्हा ते कृत्तिकांवर होतं, आज बाणावर आहे. दीक्षितांचा ‘भारतीय ज्योतिषशास्त्र’ हा ग्रंथ १८९६ चा. त्याच्या तीन वर्षं आधी टिळकांचा ‘ओरायन’ प्रसिद्ध झाला होता, त्यात वसंतसंपात मृगात होता असं धरून वेदांचा काळ आणखी मागे नेलेला आहे. टिळकांच्या काळनिर्णयाबद्दल विद्वानांचे मतभेद आहेत आणि राहतील. पण दीक्षितांच्या गणितातली निम्मी गोष्ट, म्हणजे आज कृत्तिका ढळल्या आहेत ही, कुठल्याही उपकरणाशिवाय दांड्याच्या किनाऱ्यावरून तपासता येते. आकाश बघायला शिकणं म्हणजे असं काहीतरी स्वतः पडताळून बघणं. गॅलरीतून भल्या मोठ्या दुर्बिणीने शनीची कडी बघून ‘वा!’ म्हणणंही छान आहे, पण ते पाहुण्यासारखं आहे.

चंद्राच्या बाबतीत खारदांडेकरांना शिकवायला जाऊ नये, त्यांच्याकडून शिकावं. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते, हा हिशेब मुंबईच्या किनाऱ्यावर जुना आहे. चतुर्थीला तीनच्या सुमारास, अष्टमीला सहाच्या, पौर्णिमा-अमावास्येला बाराच्या आसपास. शुद्ध अष्टमीचा चंद्रही संध्याकाळी सहाच्या सुमारासच माथ्यावरच्या रेषेत येतो, आणि पौर्णिमेचा मध्यरात्री. म्हणजे या किनाऱ्यापुरतं असं म्हणता येतं की भरती पूर्ण भरलेली असेल तेव्हा चंद्र एक तर माथ्याच्या रेषेवर असतो, नाहीतर बरोबर पायांखाली, पृथ्वीच्या पलीकडे. ढगाळ रात्रीसुद्धा चंद्र कुठे आहे ते पाण्याकडे बघून सांगता यावं, असं हे ज्ञान आहे.

बघणाऱ्याचं वेळापत्रकही यातूनच निघतं. अमावास्येचं उधाण म्हणजे ताऱ्यांच्या रात्री. पौर्णिमेचं उधाण म्हणजे सुट्टी, कारण चंद्राच्या उजेडात मंद तारे जातात आणि खुद्द पौर्णिमेचा चंद्र दुर्बिणीतून सपाट दिसतो, त्याच्यावर सावल्याच नसतात. विवरं बघायची तर भांगाचे दिवस, अष्टमीच्या मागचे-पुढचे. तेव्हा उजेड आणि अंधार यांच्या सीमेवर डोंगरांच्या सावल्या लांब पडलेल्या असतात. आणि अक्षय्य तृतीयेची संध्याकाळ चुकवू नये: त्या दिवशी कोवळी कोर दरवर्षी कृत्तिका-रोहिणीच्याच परिसरात असते. रोहिणी ओळखायची खात्री नसेल तर ती चंद्राला विचारावी.

आतापर्यंत खर्च शून्य. यापुढे एक वही. तारीख, वेळ, काय दिसलं, काय अपेक्षित असून दिसलं नाही. वही कशासाठी, तर मृगातला एक तारा बदलतो. चार कोपऱ्यांपैकी काक्षी, म्हणजे बीटलज्यूज, तांबूस आहे आणि समोरच्या कोपऱ्यातला राजन्य, म्हणजे रायगेल, निळसर पांढरा. हा फरक मृग उंचावर असताना बघावा, मावळतीला सगळेच थोडे लाल होतात. काक्षी म्हातारा, फुगलेला महाराक्षसी तारा आहे आणि त्याचं तेज कमीजास्त होतं. २०१९ च्या अखेरीपासून फेब्रुवारी २०२० पर्यंत तो इतका मंदावला की शेजारच्या कोपऱ्यातल्या दुसऱ्या प्रतीच्या ताऱ्याशी त्याची तुलना होऊ लागली. स्फोट होतो की काय, अशी चर्चा जगभर झाली. पुढे कळलं की त्याने स्वतःतूनच फेकलेल्या पदार्थाची धूळ होऊन ती आड आली होती. हे सगळं नुसत्या डोळ्यांनी दिसत होतं. ज्यांच्या वहीत आधीच्या हिवाळ्याची ‘काक्षी रोहिणीपेक्षा उजळ’ अशी ओळ होती, त्यांना बातमीची गरज नव्हती.

मग बायनॉक्युलर. ७×५० किंवा १०×५०. पहिला आकडा किती पट मोठं दिसेल तो, दुसरा पुढच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये, आणि महत्त्व दुसऱ्याला. अंधारात डोळ्याची बाहुली फार तर ७ मिलिमीटर उघडते. ५० मिलिमीटरचं भिंग तिच्या सुमारे पन्नासपट प्रकाश गोळा करतं. हात कापतात, म्हणून कोपर कठड्यावर टेकावेत किंवा तिपाईचा जोड घ्यावा. डोळे अंधाराला सरावायला वीसेक मिनिटं जातात आणि मोबाइलच्या पडद्याकडे एकदा बघितलं की ती फुकट जातात. आकाशाचे नकाशे दाखवणारं स्टेलॅरियम फुकट मिळतं आणि फार चांगलं आहे, पण ते घरून बघून यावं, किनाऱ्यावर फोन आकाशाकडे रोखून उभं राहू नये. त्यात नावं पटकन मिळतात आणि तेवढ्याच पटकन जातात. फिरत्या तबकडीचा तारानकाशा, १८ ते २० अक्षांशांसाठी केलेला, हातात असला तर अधिक बरं. आणि पश्चिमेच्या किनाऱ्यावर एक गोष्ट ठासून सांगायलाच हवी: सूर्य पूर्ण मावळल्याशिवाय कुठलीही दुर्बीण पिशवीतून काढायची नाही. लाल, सौम्य दिसणारा मावळता सूर्यसुद्धा भिंगातून डोळा कायमचा जाळू शकतो.

बायनॉक्युलरमधून मृग दुसऱ्यांदा वाचला की पहिल्या वाचनात काय वगळलं गेलं होतं ते दिसतं. या नक्षत्राचं पंचांगातलं पूर्ण नाव मृगशीर्ष, म्हणजे हरणाचं डोकं. काक्षी आणि त्याच्या शेजारचा कोपरा यांच्यापलीकडे तीन मंद तारे एकमेकांना चिकटून आहेत, ते हे डोकं. त्यातला सर्वांत तेजस्वीही तिसऱ्या-चौथ्या प्रतीच्या मधला. दांड्याच्या आकाशात नुसत्या डोळ्यांना मृग बिनडोक्याचा असतो. ज्याच्यावरून नक्षत्राला नाव मिळालं तोच भाग शहराने खोडलेला, आणि ५० मिलिमीटरच्या भिंगाने तो परत आणून दिलेला.

तिकांड्याकडे बायनॉक्युलर नेलं की त्याच्या डावीकडे जरा खाली, त्याच चकतीत मावतील असे काही तारे एका ओळीत दिसतात. त्यांतला मधला तारा कितीही फोकस करा, टोकदार होत नाही. तो ताराच नाही. तो मृगातला तेजोमेघ. सरळ रोखून बघण्यापेक्षा नजर किंचित बाजूला ठेवावी, डोळ्याच्या कडेच्या पेशींना मंद उजेड अधिक कळतो, आणि धुकट पसरतं. छायाचित्रांतले गुलाबी-जांभळे पडदे इथे नाहीत, राखी डाग आहे. ज्याला राखी डाग बघून निराशा येते त्याने दुर्बिणीवर पैसे घालू नयेत. हा प्रकाश निघाला त्याला १,३०० हून अधिक वर्षं झाली, वेरूळच्या कैलास लेण्याची पहिली छिन्नी तेव्हा पडायची होती.

दुर्बिणीचा विचार आता करायला हरकत नाही. दुकानातल्या खोक्यांवर ‘५२५ पट’ असं मोठ्या अक्षरात छापलेलं असतं. त्या खोक्यांना हात लावू नये. आरशाच्या किंवा भिंगाच्या व्यासाच्या मिलिमीटरमागे दुप्पट, ही उपयोगी मोठेपणाची ढोबळ वरची मर्यादा: ६० मिलिमीटरच्या नळीला १२०. त्यापुढे फक्त पुसट गोष्ट मोठी होते. शिवाय तिपाई लटपटती असेल तर उत्तम भिंगही कुचकामी. सुरुवात करणाऱ्याला आज जगभर सहा इंची आरशाची डॉबसोनियन सुचवतात: एक लांब नळी, खाली प्लायवूडची खोकी, हाताने ढकलायची, ना मोटर ना वायर.

ज्याच्या नावाने ती ओळखली जाते त्याचं आणि खारचं एक दूरचं नातं आहे. खारला बाराव्या रस्त्यावर रामकृष्ण मठ आहे. त्याच परंपरेच्या सॅन फ्रान्सिस्कोतल्या वेदान्त सोसायटीच्या मठात जॉन डॉबसन (१९१५–२०१४) १९४४ मध्ये दाखल झाले आणि तेवीस वर्षं संन्यासी म्हणून राहिले. त्या काळात ते भंगारातून दुर्बिणी बनवत. जहाजांच्या गोल खिडक्यांच्या जाड काचा घासून आरसा, पुठ्ठ्याची नळी, लाकडाची बैठक. रात्री मठाबाहेर जाऊन शेजाऱ्यापाजाऱ्यांना, मुलांना आकाश दाखवत. मठाच्या शिस्तीत ते बसेना आणि १९६७ मध्ये त्यांना मठ सोडावा लागला. पुढच्याच वर्षी त्यांनी साथीदारांसह फुटपाथवर दुर्बीण मांडून येणाऱ्या-जाणाऱ्याला आकाश दाखवणारा गट सुरू केला. जहाजाच्या खिडकीची काच हे आरशासाठी साहित्य होऊ शकतं, हे दांड्याच्या कुणाला सांगितलं तर नवल वाटणार नाही. जुन्या बोटीचं काय काय वापरता येतं हे तिथे सगळ्यांना माहीत असतं.

अशा दुर्बिणीतून, ४०–५० पटीत, मृगाचं तिसरं वाचन होतं. राखी डागाच्या पोटात चार तारे दाटीने बसलेले दिसतात, ट्रॅपेझियम म्हणतात तो चौकोन. यांच्याच प्रारणाने सारा मेघ उजळला आहे. ते ताऱ्यांच्या मानाने अगदी लहान आहेत, वय दहा लाख वर्षांच्या आतबाहेर. मात्र हे वाचन दांड्याला मावळतीच्या वेळी करू नये. क्षितिजावरची हवा उकळत्या पाण्यासारखी हलत असते आणि चार ताऱ्यांचा एकच थरथरता ठिपका होतो. त्यासाठी जानेवारी, मृग डोक्यावर, आणि जमलं तर मुंबईबाहेरची रात्र. हॅलेच्या धूमकेतूच्या सुमारास, १९८५-८६ च्या आसपास, उभं राहिलेलं मुंबईचं खगोल मंडळ वर्षानुवर्षं कर्जत मार्गावरच्या वांगणीला रात्रभराचे आकाशदर्शनाचे कार्यक्रम करत आलं आहे. वरळीचं नेहरू तारांगण १९७७ पासून आहे. पुण्याची ज्योतिर्विद्या परिसंस्था १९४४ ची, हौशी निरीक्षकांच्या देशातल्या संस्थांमध्ये सर्वांत जुनी. यांपैकी कुठेतरी जाऊन, रांगेत उभं राहून, दुसऱ्याच्या दुर्बिणीतून तो चौकोन आधी बघावा. त्यानंतर सहा इंची नळी घरात कुठे ठेवायची, जिन्यावरून गच्चीवर कोण नेणार, सोसायटी चावी देईल का, हे प्रश्न शांतपणे सोडवावेत. बऱ्याच जणांना असं आढळतं की आपल्याला बायनॉक्युलर पुरेसं आहे, आणि त्यात कमीपणा काही नाही.

वांगणीला पहिल्यांदा गेलेल्याला मृग सापडायला वेळ लागतो, हे मात्र सांगून ठेवतो. इतके तारे असतात की ओळखीचे सात त्यात मिसळून जातात. दांड्याला ज्याने मुठीने अंतरं मोजली आहेत तो बाणाची रेघ धरतो, व्याधापर्यंत जातो, उलट रोहिणीपर्यंत येतो, आणि मग वर बघतो तर हरणाला डोकं आहे.

मेच्या मध्यापर्यंत मृग संधिप्रकाशात हरवतो. त्याच सुमारास पूर्वेला ज्येष्ठा आणि तिच्या मागून वृश्चिकाची नांगी वर येते, आणि ती आकृती मृगापेक्षाही ठसठशीत आहे. फक्त तिच्यासाठी समुद्राकडे पाठ करावी लागते, आणि खार–सांताक्रूझच्या इमारतींवरून पूर्व दिसेल अशी एखादी गच्ची शोधावी लागते.